नुसती हवा

माझे सासरे मरेपर्यंत लोकांना सांगत राहिले की जावई बॉयलर तपासतो. त्यांचा काही दोष नाही, मीच तसं सांगितलं होतं. लग्न ठरलं तेव्हा मी पूर्व किनाऱ्यावरच्या एका गोदीत नुकताच लागलो होतो. तिथं पहिल्याच दिवशी एका कागदावर सही घेतली होती: काम काय, कशाचं, कुणासाठी, हे घरी बायकोलाही सांगायचं नाही. आणि सांगितलं असतं तरी आमच्या उमरीत कुणाला पटलं असतं? समुद्रात मुद्दाम बुडून राहणारी बोट, तिच्या पोटात अणुभट्टी, आणि तिचे सांधे बघायला आपला गणपत कदम! त्यापेक्षा बॉयलर बरा.

या थापेची फळंही भोगली. किनवटला मेहुण्याच्या लग्नाला गेलो तर आश्रमशाळेच्या हेडमास्तरांनी मांडवातून उचलून नेलं. वसतिगृहाचा पाणी तापवायचा मोठा बंब गळत होता. अणुपाणबुडीचं पोलाद तपासणारा मी लग्नाच्या कपड्यांत दोन तास बंबाखाली बसलो. संध्याकाळी तो पुन्हा गळायला लागला. हेडमास्तर मेहुण्याला म्हणाले, "सरकार कुणालाबी पगार देतंय हो."

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बोटीबद्दल सांगण्यासारखं आजही माझ्याकडे फार नाही, आणि जे आहे ते सांगणार नाही. सांगायचं आहे ते लातूरचं. तिथं जे झालं त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. कुठं टायर फुटला तरी मी भिंतीला हात लावून उभा राहतो.

आधी धंदा समजावून सांगतो. वेल्डिंग इंजिनिअर स्वतः वेल्डिंग करत नाही. पोलादाचे दोन तुकडे वितळवून एक करणारा कारागीर वेगळा. किती तापवायचं, कोणती कांडी वापरायची, किती थर द्यायचे हे लिहून देणारा आणि झाल्यावर खोट काढणारा तो मी. जोड वरून कितीही गुळगुळीत दिसो, आत बारीक भेग असू शकते, म्हणून त्याचा एक्स-रे काढतात. जमिनीवरच्या टाकीचा जोड वाईट निघाला तर टाकी गळते. पाणबुडीचा वाईट निघाला तर आतली माणसं घरी येत नाहीत. एवढाच फरक, पण त्या फरकाचाच मला पगार होता.

बोटीला लागणारे सुटे भाग देशभरातल्या लहानमोठ्या कारखान्यांत बनत. कारखानदाराला ते कशासाठी आहेत हे माहीत नसे. मी पिशवीत बॅटरी, भिंग आणि खडू घेऊन गावोगाव फिरायचो. एका गावी मालकानं आठ जोडांच्या आठ फिल्म पुढं ठेवल्या. आठांवर एकाच जागी एकसारखा पांढरा ठिपका. एकाच फिल्मच्या आठ प्रती काढल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाला, "साहेब, एकाच आईची लेकरं, सारखी दिसणारच की."

लातूरच्या अप्पांचं तसं नव्हतं. मन्मथअप्पांची पिढीजात तेलाची मिल. मिलच्या टाक्या दुरुस्त करता करता त्यांनी शेजारी पत्र्याची शेड टाकून कारखाना काढला. लातूर नवा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जिकडं तिकडं नव्या कचेऱ्यांची बांधकामं, नव्या पाट्या, आणि अप्पांच्या तोंडी एकच वाक्य: "आता आपन जिल्ह्याचं गाव हाव, काम बी जिल्ह्यासारखं पाहिजे." कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि शेडमध्ये शिरताना चपला बाहेर काढायचे. गोदीनं त्यांना दोन टाक्यांचं काम दिलं ते माझ्या शिफारशीवर, आणि मी शिफारस केली ती सत्तारभाईंमुळं.

सत्तारभाई नांदेडचे. घरात चार पिढ्या लोहारकाम आणि कल्हई. त्यांचा जोड पाहून एकदा गोदीतल्या एका वरिष्ठानं मला विचारलं होतं, हे मशीननं केलंय का? अप्पांनी त्यांना महिन्याच्या बोलीवर लातूरला आणून ठेवलं होतं. शनिवारी नांदेडला घरी जायचे, सोमवारी पहिल्या एसटीनं परत. बोलणं कमी. जोड पुरा झाला की हातमोजा काढून नुसतं म्हणायचे, "घ्या साहेब, बघा."

टाकी म्हणजे दोन्ही बाजूंनी घुमटासारख्या थाळ्या लावलेला पोलादी नळा, आडवा ठेवला तर पुरुषभर उंच. अणुभट्टी थंड ठेवायला समुद्राचं पाणी ज्या झडपांतून बोटीत घेतात, त्या झडपा या टाकीत ठेवून, आत पाणी दाबून, खोल समुद्रासारखा दाब आणायचा आणि झडपा टिकतात का पाहायचं. पण त्याआधी टाकीच टिकते का ते पाहायला हवं. त्यासाठी ती पाण्यानं काठोकाठ भरायची आणि पंपानं दाब चढवायचा. पाणीच का? तर पाणी दाबलं तरी आक्रसत नाही. टाकी तडकलीच तर थोडं पाणी उडतं, दाब उतरतो, खेळ खलास. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसते आणि वाट मिळाली की सगळी एकदम सुटते. हे मी नव्या पोरांना शिकवायचो. दर वर्षी शिकवायचो.

पहिली टाकी तयार झाली ती सलग तिसऱ्या कोरड्या वर्षाच्या उन्हाळ्यात.

लातूरला तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं, तेही येईलच असं नाही. अप्पांच्या शेडसमोरच्या रस्त्यापलीकडं नवी वस्ती झाली होती, तिला तर नळच नव्हता. तिथं दुपारी चारला टँकर यायचा. सकाळपासून बायका रस्त्याच्या कडेला घागरी, हंडे, तेलाचे पत्र्याचे डबे ओळीनं मांडून ठेवत. ज्याच्या त्याच्या भांड्यानं नंबर धरायचा. माणसं पलीकडं लिंबाच्या सावलीला बसत.

टाकी भरायला दोन टँकर लागणार होते. अप्पांनी एका विहिरीवाल्याला गाठून ते ठरवले. पहिला टँकर फाटकाशी आला आणि बायका उठल्या. कुणी ओरडलं नाही. चाळीस-पन्नास बायका येऊन चाकांपुढं बसल्या, एवढंच. पुढं बसली होती तिचं नाव कोंडाबाई. पन्नाशीची, हाडकुळी, नव्या कचेरीच्या बांधकामावर खडी वाहायची.

मी फाटकाबाहेर गेलो. म्हणालो, "बाई, हे पाणी प्यायचं नाही. कारखान्याच्या कामाचं आहे."

"पानी प्यायचं नसतंय असं बी असतंय का?" ती म्हणाली. "कसलं काम हाय?"

"टाकी तपासायची आहे."

"कशाची टाकी?"

मला सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, "समुद्रावरच्या कामाची."

ती मागं वळून बायकांना म्हणाली, "आगं, समुद्राला पानी कमी पडलंय म्हनं."

बायका हसल्या. मीही हसलो असतो, पण कानशिलं तापली होती. मग ती उठून जवळ आली आणि समजुतीच्या आवाजात म्हणाली, "साहेब, असं करा. तुमी तुमचं पानी भरा, काय बघायचं ते बघा. झाल्यावर आमाला सोडा. धुण्या-भांड्याला, जनावराला चालंल."

मी म्हणालो, "आत तेल आहे, गंज आहे. ते पाणी कामाचं राहत नाही. तुम्हाला कळायचं नाही ते."

हे शेवटचं वाक्य मी बोललो. लिहिताना गाळावंसं वाटत होतं. गाळलं नाही.

खरी गोष्ट अशी की टाकीतलं पाणी बाहेर देता येणार नाही असं कुठल्याच नियमात नव्हतं. मला ते सुचलं नव्हतं, एवढंच. आणि जे मला सुचलं नाही ते खडी वाहणाऱ्या बाईनं सुचवावं, हे मला रुचलं नाही. अप्पा मात्र मान खाली घालून ऐकत होते. ते टँकरवाल्याला म्हणाले, "सोड बाबा पाणी, त्यांच्याच भांड्यात सोड." दुसराही टँकर तिथंच रिकामा झाला.

गोदीला टाकी आठ दिवसांत हवी होती. मी तेलमिलच्या फोनवरून ट्रंक कॉल लावला. माझे साहेब तासाभरानं लाइनवर आले. पाणी नाही म्हटल्यावर ते चिडले. म्हणाले, "हवा भरून गळती बघून घे. दाब दहावा हिस्साच ठेव. पाण्याची परीक्षा आपण इथं घेऊ."

दहाव्या हिश्शाला हवेनं तपासायची पद्धत आहे. जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की गळती. त्यात फार धोका नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ती तपासणी केली. सत्तारभाईंनी ब्रशनं सगळ्या जोडांवर फेस लावला. एक बुडबुडा नाही. टाकी झकास होती.

तिथं थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, गोदीत गेल्यावर काही निघालं तर शिफारस माझी आहे. आणखी थोडा दाब देऊन खात्री करून घ्यावी. साहेबांनी सांगितलं नव्हतं, कागदावर नव्हतं. मी अप्पांना म्हणालो, अर्ध्यापर्यंत नेऊ. कॉम्प्रेसरची चावी मी माझ्या हातानं उघडली. सगळ्यांना टाकीपासून लांब, वाळूच्या पोत्यांमागं उभं केलं, तेवढी अक्कल शाबूत होती. काटा हळूहळू चढत होता.

सत्तारभाईंनी मान तिरकी केली. "साहेब," ते म्हणाले, "टाकी बोलून राहिली."

मी म्हणालो, "कॉम्प्रेसरचा आवाज आहे."

"नाही साहेब. टाकीच. टिक करतीय."

मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही. मी चावी बंद करायला वळलो, तोवर सत्तारभाई पोत्यांमागून निघून टाकीकडं धावले होते. हवा सोडून द्यायची झडप टाकीच्या बुडाशी होती. त्यांनी ती धरली, फिरवली. हवा सुटल्याचा फुसकारा मी ऐकला. त्यानंतरचा आवाज मी ऐकला असं म्हणता येणार नाही. तो छातीवर आदळला.

डोळे उघडले तेव्हा शेडमध्ये ऊन होतं. शेडमध्ये ऊन कसं, हे मला कळेना. मग दिसलं की समोरचा पत्र्याचा पडदाच नाही. टाकीच्या एका टोकाची थाळी, चार माणसांना न उचलणारी, पत्रा फाडून, रस्ता ओलांडून गेली होती. आणि पलीकडं जिथं घागरींची ओळ होती तिथं ओळ नव्हती.

मी धावलो. पाय वाकडेतिकडे पडत होते. थाळी घागरींच्या रांगेवरून फिरत जाऊन गटाराच्या बांधाला टेकली होती. पितळी घागरी भाकरीसारख्या चपट्या झाल्या होत्या. पत्र्याचे डबे कुठच्या कुठं. लिंबाखाली बायका उभ्या होत्या आणि कोंडाबाई एकेकीचं नाव घेऊन हाका मारत होती. "शेवंता! हाय. पारू! पारू कुठाय? हाय का! सरूबाय!" एकेक जण "हाय" म्हणत होती. सगळ्या होत्या. ओळीत एकही नव्हती, कारण टँकरला अजून अर्धा तास होता आणि ऊन कडक होतं. दुसरं काही कारण नाही.

कोंडाबाई माझ्याकडं वळली. "काय व्हतं साहेब त्यात? बॉम?"

"हवा होती," मी म्हणालो.

"नुसती हवा?"

"नुसती हवा."

तिनं आपली चपटी घागर उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि परत खाली ठेवली. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सत्तारभाई जिवंत होते. झडप उघडली नसती तर आम्ही पोत्यांमागचेही राहिलो नसतो. टाकी फुटली तेव्हा निम्मी हवा निघून गेली होती असं मागाहून हिशेब करताना दिसलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली. कानांतून रक्त येत होतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या उशाशी टाळी वाजवली. त्यांनी मान वळवली नाही.

गोदीतून तीन जण चौकशीला आले. जोड पाहायचा, तो कुणी केला ते पाहायचं, अशीच चौकशीची चाल असते. त्यांचा कल पहिल्या दिवशीच दिसला: वेल्डरचा दोष. तुटलेले तुकडे तपासायचं काम माझ्याकडंच आलं. मी तिथला जाणकार होतो ना.

पोलाद असं तुटतं तेव्हा तुटलेल्या कडेवर माशाच्या काट्यासारख्या बारीक रेषा उमटतात. त्या सगळ्या रेषा तड जिथून निघाली त्या जागेकडं बोट दाखवतात. मी भिंग घेऊन त्या रेषांवरून मागं मागं गेलो. जोड आला, त्याला बाजूला टाकून रेषा पुढं गेल्या. माझा जीव भांड्यात पडला, जोड निर्दोष होता. आणखी चार बोटं पुढं गेलो. तिथं थाळीच्या कडेवर रेषा संपल्या. जिथं संपल्या तिथं दोन अक्षरं होती. ग आणि क.

तपासलेल्या भागावर तपासनिसानं आपली खूण ठोकायची असते. त्यासाठी बोथट, गोल टोकांचा ठसा वापरायचा असा नियम आहे, कारण कडक पोलादावर तीक्ष्ण टोकाचा घाव म्हणजे भेगेला दार उघडून देणं. बोथट ठशाची अक्षरं पुसट येत. मी नांदेडच्या एका कारागिराकडून माझ्या नावाचा तीक्ष्ण, सुबक ठसा करून घेतला होता. आणि या टाकीवर काम मनासारखं झालं म्हणून जरा जोरानंच हातोडा मारला होता. क च्या वळणातून तड निघाली होती.

मी त्या अक्षरांवर अंगठा ठेवला. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी ठेवला. थोड्या वेळानं मी कानस घेतली आणि ती अक्षरं घासून टाकली.

अहवालात "जोडालगत दोष" असा शब्द गेला. जोडालगत! खोटाही नाही आणि खराही नाही. चौघांच्या सह्या झाल्या, त्यातली एक माझी. सत्तारभाईंचा वेल्डरचा दाखला रद्द झाला. नांदेडलाही त्यांना कुणी काम देईना. बातमी कारखान्यांतून आधीच पोचली होती: टाकी फुटली, नांदेडच्या माणसाचा जोड होता.

अडीच महिने मी गप्प राहिलो. जेवत होतो, झोपत होतो, गोदीत पोरांना शिकवत होतो. माणूस किती दिवस असा राहू शकतो याचंच मला आज नवल वाटतं.

मग दुसरी टाकी. या वेळी पाणीच, असं वरून लिहून आलं. पाऊस अजून नव्हताच. अप्पांनी मला न विचारता कोंडाबाईला बोलावून घेतलं आणि तिच्याशी ठरवलं: टाकी भरायची, दाब द्यायचा, झालं की सगळं पाणी रबरी नळीनं रस्त्यापलीकडं. आत लावलेलं तेल त्यांनी माणसं लावून सोड्यानं धुवून काढलं. टँकर आले तेव्हा बायकांनी वाट करून दिली. टाकी टिकली. संध्याकाळपर्यंत बायका ते पाणी भरत होत्या. एवढं सोपं होतं ते.

कोंडाबाईकडं नवी घागर होती, ॲल्युमिनियमची, अप्पांनी घेऊन दिलेली. ती भरता भरता तिनं मला विचारलं, "साहेब, तो नांदेडचा भाऊ बरा हाय का?"

"ऐकू येत नाही त्याला."

"त्याचीच चूक व्हती म्हनत्यात. खरं का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग कुनाची?"

"माझी."

तिनं घागर खाली ठेवली. "मला कशाला सांगून राहिला?" ती म्हणाली. "मी काय करू त्याचं? जा की, त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी मी नांदेडची एसटी धरली. सत्तारभाईंचं घर गोदावरीच्या बाजूला, एका बोळात. दार त्यांच्या बायकोनं, रझियाभाभींनी उघडलं. मी त्यांना एकदाच दवाखान्यात पाहिलं होतं. सत्तारभाई आत पलंगावर बसले होते. मला पाहून उठले, मोठ्यानं म्हणाले, "या साहेब, या!" त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ते आता सगळंच मोठ्यानं बोलत.

बोलून काय उपयोग? मी खिशातून कागद काढला, लिहिलं: जोड चांगला होता. तड माझ्या ठशातून निघाली. मी लपवलं.

त्यांनी वाचलं. परत वाचलं. मग कागद बायकोकडं दिला. रझियाभाभींना अक्षर लावायला वेळ लागला. मी तेवढा वेळ उभा होतो.

"कधी कळलं तुम्हाला?" भाभींनी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी."

"तिसऱ्या दिवशी." त्यांनी ते शब्द सावकाश म्हटले. "अडीच महिने झाले साहेब. माझ्या माणसाला कुणी खिडकीची जाळी जोडायला देत नाही. माझ्या भावाच्या लग्नात लोक म्हणाले, याचा हात खोटा आहे. रात्री उठून तो विचारतो, रझिया, मी कुठं चुकलो? आणि तुम्हाला तिसऱ्या दिवशी माहीत होतं?"

मी मान डोलावली.

"काय घ्यायला आलात आता? माफी? ती नाही आमच्या घरात."

सत्तारभाईंना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं पाहत होते. शेवटी त्यांनी बायकोच्या हातातून कागद घेतला, माझ्यापुढं धरला आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवून मोठ्यानं म्हणाले, "साहेब, इथं सही करा. पूर्ण नाव. हुद्दा पण."

मी सही केली. तोच मजकूर सविस्तर लिहून गोदीलाही पाठवला. कानशीनं अक्षरं घासली तेही लिहिलं.

परिणाम व्हायचे ते झाले. माझी बढती गेली, मला बोटीच्या कामावरून काढून चार वर्षं कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तिथं बसून मी खूण कशी करावी याचा नियम नव्यानं लिहिला: ठसा नाहीच, फक्त रंग. पुढं बोटीवर परत घेतलं ते माणसं कमी पडली म्हणून. सत्तारभाईंना दाखला परत देण्याचं पत्र गेलं आणि नियमाप्रमाणं त्यांना एकदा गोदीत परीक्षेला बोलावलं.

मला वाटत होतं, आता सगळं जागेवर येईल. वेल्डरचं काम डोळ्यांचं आणि हाताचं, कान गेले म्हणून काय झालं? दोन बोटं गेली होती, पण ती डाव्या हाताची. परीक्षा झाली. फिल्म धुऊन आली. जोड आतून पोकळ्यांनी भरलेला होता. दुसऱ्यांदा संधी दिली. पुन्हा तेच.

सत्तारभाई फिल्म उजेडाकडं धरून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "साहेब, ठिणगीचा आवाज असतो. कढईत फोडणी तडतडावी तसा. हात जरा लांब गेला की आवाज पोकळ होतो, मग मी जवळ नेतो. डोळ्यांना ते मागून कळतं." फिल्म खाली ठेवून म्हणाले, "आता सगळं मुकं झालं."

इतकी वर्षं वेल्डिंगचे नियम लिहिणाऱ्या मला हे माहीत नव्हतं. मी लिहिलेल्या एकाही कागदात आवाज हा शब्द नव्हता. नाव परत दिलं, पण हात कुठून परत देणार होतो? मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. त्यांनी गाडीच्या खिडकीतून हात हलवला. मला वाटलं हा माणूस आता संपला, आणि तो मी संपवला.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी भाचीच्या कॉलेजच्या कामासाठी नांदेडला गेलो होतो. दुपारी पाय आपोआप त्या बोळाकडं वळले. घराच्या पुढच्या खोलीचं दुकान झालं होतं. बाहेर खिडक्यांच्या जाळ्या, एक फाटक, उसाच्या गाडीचं तुटलेलं जू. आत निळा उजेड चमकत होता. मी रस्त्यातच थांबलो.

सत्तारभाई खाली बसून फाटकाची चौकट जोडत होते. त्यांच्या मागं रझियाभाभी उभ्या होत्या. एका हातात वेल्डिंगची काळी काच तोंडापुढं धरलेली, दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर. मान जराशी तिरकी. मला आधी कळेना की ही बाई तिथं करते काय. मग त्यांच्या तर्जनीनं खांद्यावर एक टिचकी मारली आणि सत्तारभाईंनी हात किंचित जवळ नेला. थोड्या वेळानं पुन्हा एक टिचकी. मग दोन. दोन टिचक्यांना त्यांनी हात सावकाश केला. डोक्यावरचा पदर ठिणग्यांनी भोकं भोकं झाला होता.

त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी डोळ्यांवर हात धरून, मान वळवून नुसता आवाज ऐकत उभा राहिलो. बारीक, एकसारखी तडतड. मी मन लावून ऐकत होतो. आपल्याला आता कळतंय, आता आवाज पोकळ होईल तेव्हा बरोबर ओळखू, असं मला वाटत होतं. मी बोटांच्या फटीतून पाहिलं.

भाभींचं बोट खांद्यावर पडून गेलं होतं. हातही जवळ गेला होता. मला आवाजात काहीच फरक ऐकू आला नव्हता.